गाझाचं पत्र, कोपरा कापलेलं

धुळे
बुधवार, ७ जून १९६७

॥ श्री ॥

ती. अक्कास गिरधरचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

गाझात आपले काही जवान ठार झाले, ही बातमी आता पक्की आहे. काल सरकारनेच लोकसभेत सांगितलं आणि आज सकाळी आकाशवाणीने दिलं. नावं मात्र अजून कोणाचीच नाहीत. शेजारचे अर्धवट काही सांगतील, त्याआधी लिहितो आहे.

तुझा उखर्डू पलटणीत कारकून आहे, खंदकातला शिपाई नव्हे. आणि आपले लोक तिथे लढायला गेलेलेच नाहीत. इजिप्तचा एक पाय आफ्रिकेत, एक आशियात. असा देश अमेरिकेशीही बोलतो, रशियाशीही, आणि दोघांना सांभाळून राहतो. दहा-अकरा वर्षांपूर्वीच्या लढाईनंतर त्याने सरहद्दीवर युनोची फौज उभी राहू दिली. आपली पलटण त्यातलीच. गेल्या महिन्यात त्यानेच या फौजेला निघायला सांगितलं. आपण मित्र, म्हणून हरकत न घेता सामान बांधलं. जहाज यायच्या आत परवा सोमवारी लढाई पेटली, एवढंच.

उखर्डूचं पत्र या खेपेला माझ्या पत्त्यावर आलं होतं. वाचून सोमवारी सकाळी तुला पाकिटात घालून टाकलं. ते वाच, धीर येईल.

माझ्यावरची माया आहे तशीच असू दे.

तुझा
गिरधर

जळगाव
बुधवार, ७ जून

चि. गिरधरास अनेक आशीर्वाद.

वर श्री घालायला हात धजला नाही.

तुझं पाकीट दुपारी मिळालं. आत तुझी एक ओळ नाही. नुसतं उखर्डूचं घडीचं पत्र, आणि त्याचा कोपरा कापलेला. तार तुझ्या पत्त्यावर आली असणार. तोंडाने सांगवेना म्हणून पोराच्याच शेवटच्या पत्राचा कोपरा कापून पाठवलास ना? एवढा मास्तर झालास आणि मेल्याची खबर अशी देतोस?

असलं पत्र उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. ओट्यावरच दगडाखाली ठेवलं आणि अंघोळ केली. समोरचे हाशमभाई शिंपी आले. म्हणाले, आमच्यात कोपऱ्याचं काही नसतं, द्या इकडे. ओट्यावर उभं राहून त्यांनी मोठ्याने वाचलं. बठ्ठं ठीक शे म्हणे, लोणचं संपलं म्हणे, जहाजाची वाट बघतो म्हणे. मला कळतं रे. तो भला माणूस मनचं वाचत होता. मी म्हटलंच, हाशमभाई, कापड मापाने कापता आणि खोटं मात्र बिनमापाचं शिवता. पत्र परत दगडाखाली ठेवून ते गेले.

दोन लेकरं गेल्यावर याला उकिरड्यावर ठेवून उचललं, तेव्हा कुठे हा राहिला. तूच म्हणालास, अक्का, जाऊ दे, तिथे बंदूक चालवायची नाही, नुसतं मधे उभं राहायचं. मधे उभ्या असलेल्याला दोन्हीकडून लागतं, हे तुझ्या भूगोलात नाही का?

खरं काय ते एका ओळीत लिही. रागावले तरी तुझीच आहे.

अक्का

धुळे
शुक्रवार, ९ जून

॥ श्री ॥

ती. अक्कास सा. नमस्कार.

तार आलेली नाही. कोपरा मी कापला, पण तिकिटासाठी.

त्या पलटणीच्या पत्रांवर आपलंच तिकीट असतं, त्यावर गाझाच्या फौजेची अक्षरं छापलेली. माझ्या तिकिटांच्या वहीत तशी दोनच होती. पत्र आणि पाकीट एकाच कागदाचं, म्हणून तिकिटाबरोबर कोपराही गेला. सोमवारी सकाळी लढाईची खबर नव्हती, अशुभाचं डोक्यातही आलं नाही. शाळेची घाई होती, दोन ओळी लिहायच्याही राहिल्या. तिकीट सोबत ठेवलं आहे. कडा जुळवून बघ, म्हणजे पटेल.

बुधवारी मी तुला वर्गात शिकवतो तसं समजावत बसलो. कारकुनाच्या तंबूवरही बॉम्ब पडतो, हे मला तेव्हाही कळत होतं. उखर्डूचं काय झालं ते मलाही ठाऊक नाही.

हव्या तेवढ्या शिव्या दे, पण दार बंद करू नकोस.

गिरधर

जळगाव
बुधवार, १४ जून

॥ श्री ॥

चि. गिरधरास आशीर्वाद.

तिकीट जुळलं. मग पत्र घरात आणलं आणि स्वतः वाचलं. हाशमभाईंनी खरंच शब्दन् शब्द वाचला होता. एकच ओळ सोडली होती: समोरच्या टेकडीवर आजपासून तोफा दिसतात. त्यांची माफी मागायला गेले, तर म्हणाले, लताबाई, तेवढी ओळ तोंडातून निघेचना.

तुझ्यावरचा राग गेला. भीती गेली नाही. पत्रावर तारीख आहे २६ मे. म्हणजे २६ मेपर्यंत माझं पोर होतं, एवढंच कळलं.

काल सैनिक बोर्डात जाऊन आले. तिथला कारकून म्हणाला की वाचलेल्यांना घेऊन जहाज निघालं आहे, नावांची यादी यायची आहे. यादी आली की घरी तार येईल, सुखरूप असला तरी आणि नसला तरी. शनिवार ते सोमवारच्या आत. दोन्हीला सारखाच लिफाफा, हेही त्यानेच सांगितलं. मेल्याला गप्प बसता आलं नाही.

तारवाल्याला सांगून ठेवलं आहे की माझ्या हातात द्यायची नाही. शाळेत रजा टाक आणि शुक्रवारच्या गाडीने चाळीसगावला बदलून ये. तार तू घ्यायचीस, तू फोडायचीस, आधी मनात वाचायचीस. मी चुलीपाशी बसलेली असेन. आत ये आणि नुसता माझ्याकडे बघ. बोलायची गरज नाही, तुझं तोंड मी लहानपणापासून वाचते आहे.

अक्का