सरोवराकाठची जागा

१४ मार्च
बाहेर अजून बर्फ. नोरीनची तिसरी केमो झाली. डॉक्टरबाई बरंच काही बोलल्या. त्यातलं 'बघू या' तेवढं मी लक्षात ठेवलं. बघू या म्हणजे आशा आहे. जुलैत कॅम्पिंगला जायचं ठरवून टाकलं. सुपीरियर सरोवराकाठी, स्टेट पार्कात. मी, नोरीन आणि आमची कर्स्टन. मोकळ्या हवेत माणूस खडखडीत बरा होतो.

१५ मार्च
नोरीनला सांगितलं. म्हणाली, "गॅरेट, मला बाथरूमपर्यंत जाताना भिंत धरावी लागते." मी म्हटलं, पार्कात झाडं असतात. हसली नाही. पूर्वी हसायची. औषधांचा परिणाम.

२ एप्रिल
तंबूसाठी अगदी पाण्याला लागून असलेली जागा मिळाली! ऑनलाइन बुकिंग उघडायची लोक वाट बघत टपून बसलेले असतात. मी पहाटेपासून कॉम्प्युटर सोडला नाही. नोरीन मध्ये हाका मारत होती म्हणे. उलटी झाली, कर्स्टननं पुसली. पोरगी सतरा वर्षांची, पण हल्ली माझ्याकडे सासूसारखी बघते.

२० एप्रिल
निश्चय : रोज संध्याकाळी तासभर नोरीनजवळ बसायचं. आजपासून.

२१ एप्रिल
उद्यापासून. तंबूच्या शिवणी गळतात. त्यांना लेप लावायला हवा होता.

१८ मे
केमो थांबवली. चला, आता ताकद भरून यायला वेळ मिळेल. हे मी बोलून दाखवलं तर कर्स्टन उठून निघून गेली. हॉलमध्ये हॉस्पिटलचा पलंग आला. नर्स घरी येते. मी नोरीनसाठी हवा भरायची जाड गादी आणली. तंबूतली.

१० जून
नोरीननं विचारलं, "दिवसभर गॅरेजमध्ये काय करत असतोस रे?"
तयारी, म्हटलं.
"कशाची?"
ट्रिपची.  ती म्हणाली, "जरा बस ना इथे. बोलू नकोस काही. नुसता बस."
बसलो. तिचा हात फार हलका लागला. तेवढ्यात आठवलं, कंदिलात बॅटरी नाही.

९ जुलै
पहिल्या दिवशी कुणी पोचलं नाही तर जागा हातची जाते. नियमच आहे. म्हणून मी उद्या पुढे जाऊन तंबू ठोकतो. परवा कर्स्टननं आईला गाडीत मागे आडवं करून सावकाश आणावं. नर्स म्हणाली, "मिस्टर टोलेफसन, मी तुमच्या जागी असते ना, तर आता घर सोडलं नसतं." बाई चांगली आहे, पण कॅम्पिंगमधलं तिला काय कळणार. कर्स्टन म्हणाली, "बाबा, प्लीज." एवढंच. कारण विचारलं तर सांगेना.

१० जुलै, दुपार
निघताना नोरीन झोपली होती. उठवलं नाही. सरोवर निळंशार. डास नाहीत. म्हणजे आहेत, पण कमी. तिन्ही गाद्या फुगवल्या. नोरीनची पाण्याच्या बाजूला. फोनला रेंज नाही, ते एका परीनं बरंच. तिला शांतता हवी.

११ जुलै
सकाळी सॉसेज भाजत होतो. तिघांपुरते. पार्कची रेंजरबाई आली. "मिस्टर टोलेफसन?" तंबूची एक दोरी शेजारच्या जागेत गेली होती, तक्रार येणार हे मला माहीतच होतं. तिला तोंड उघडू दिलं नाही. दोरी कुठे संपते, झाड कुठे आहे, सगळं चालून दाखवलं.  मग तिनं टोपी काढली. म्हणाली, "घरी फोन करा. चला, माझ्या ऑफिसातून करा."

११ जुलै, नंतर
नोरीन पहाटे गेली.
फोनवर कर्स्टन रडत नव्हती. मी विचारलं, आई काही म्हणाली का. शेवटी एकदा शुद्धीवर आली होती म्हणे. "बाबा कुठे?" असं विचारलं. कर्स्टननं सांगितलं, जागा धरायला गेलेत. त्यावर ती "बरं" म्हणाली.
बरं म्हणाली. म्हणजे तिला पटलं होतं. रागावली नव्हती.
मी पुन्हा विचारलं, नक्की "बरं"च म्हणाली ना? कसं म्हणाली?
कर्स्टननं फोन ठेवला.