हसणाऱ्यांची खोली

शुक्रवार, २१ सप्टेंबर

ती. दादास,

नमस्कार. वहिनीला नमस्कार, छोटीला पापा. इकडे मी ठीक आहे. तिकडे सगळे ठीक असाल असं धरून चालते, कारण विचारायची सोय मी ठेवलेली नाही.

बातम्या फारशा नाहीत. दातांच्या लॅबमध्ये अजून मीच कवळ्या घासते. मालक म्हणतात, तुमच्या हाताला सफाई आहे. ती सकाळी नसते, दुपारनंतर येते, हे त्यांना माहीत आहे की नाही कोण जाणे. मेण वितळवायचा स्पिरिटचा दिवा मी दुसऱ्या टेबलावर हलवायला लावला. वास सहन होत नाही असं कारण दिलं. खरं म्हणजे वास आवडतो, हीच पंचाईत आहे.

घरी रेडिओ लावते आणि त्याच्याशी वाद घालते. शेजारणीला वाटतं माझ्याकडे कोणी राहायला आलंय. मी तिचा गैरसमज दूर केलेला नाही.

असो. दादा, एक गोष्ट सांगायचीय आणि ती ऐकून तू चिडणार. मी तुला मारलंय. एका खोलीत, चार माणसांसमोर, तू गेलास असं सांगितलंय.

झालं असं. डॉक्टरांनी एक फोन नंबर दिला होता, दारू सोडू पाहणाऱ्या लोकांचा. लावला, तर फोनवरच्या बाई म्हणाल्या, "गुरुवारी संध्याकाळी या. वाचनालयाचा वरचा मजला. नाव-गाव कोणी विचारत नाही." गेले. वर दोन खोल्या, दोन्हींची दारं लोटलेली, पाटी एकावरही नाही. एकीतून हसण्याचा आवाज येत होता, दुसरीत कुणीतरी नाक शिंकरत होतं. दारू सोडायला आलेली माणसं हसत असतील हे माझ्या डोक्यातच येईना. मी रडणाऱ्यांच्या खोलीत शिरले.

एक शिक्षिका सांगत होत्या, "ते गेले, पण दोन कप काढायची सवय काही जात नाही." मला वाटलं, नवरा हिच्या पिण्याला कंटाळून गेला असणार. फार जवळची वाटली ती बाई. मग एक म्हातारे गृहस्थ, सगळे त्यांना आजोबा म्हणतात, माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुमचं कोण वारलं, बाई?"

तेव्हा कळलं ही कुठली खोली ते. उठायला हवं होतं. तोंडातून निघून गेलं, "भाऊ."

त्यात खोटं काय, असं मला त्या वेळी वाटलं. "माझ्यापुरती तू मेलीस," असं तू दवाखान्याच्या पायऱ्यांवर म्हणाला होतास. छोटीचा पुढचा दात तुझ्या रुमालात होता. पोहण्याच्या वर्गातून तिला मी आणत होते, मी प्यायले होते, आणि गाडी मी खांबावर घातली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून तू कुठे तक्रार केली नाहीस. दिवसभर मी परक्यांचे दात बनवते, दादा. छोटीचा बनवायला तू दुसरीकडे गेलास. बरोबरच केलंस. पण मला फार लागलं.

तर मी दर गुरुवारी तिथेच जायला लागले. तू मला सायकल शिकवताना मागचा हात सांगण्याआधीच सोडायचास, दाढी करताना शीळ घालायचास, असं काहीबाही सांगायचे. माणसं ऐकायची. निघताना शिक्षिकाबाई म्हणायच्या, "पोचलात की फोन करा हं." असं मला कोणी म्हटल्याला किती काळ लोटला होता! घरी येऊन फोन करायचे, "पोचले" म्हणायचे आणि मग बाटली उघडायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पलीकडच्या खोलीत हशा चालूच होता.

काल सगळ्यांनी आपापल्या माणसाचा फोटो आणायचा होता. मी तुझा तो डोळे मिटून हसतानाचा नेला. टेबलावर शिक्षिकाबाईंचा नवरा, आजोबांची बायको, कुणाचा तरी लहान मुलगा, आणि मध्ये तू. आजोबांनी तुझा फोटो बोटाने सरळ केला आणि म्हणाले, "किती तरुण होता."

मला एकदम भीती वाटली. मी फोटो उचलला. म्हटलं, "हा जिवंत आहे. मी दारू पिते. मला पलीकडच्या खोलीत जायचं होतं."

शिक्षिकाबाईंनी मान फिरवली. त्यांचं चुकलं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? आजोबा उठले, मला दंडाला धरून बाहेर घेऊन आले. वाटलं, हाकलतायत. त्यांनी पलीकडचं दार वाजवलं आणि म्हणाले, "भाऊ आहे ना तुम्हाला? मग आमच्यात काय बसलात?" आणि परत आत गेले.

हसणाऱ्यांच्या खोलीत मी एवढंच बोलले, की माझ्या भाचीचा दात मी पाडला. कोणी हसलं नाही. एकाने आपली खुर्ची सरकवून मला जागा केली.

घरी आले. फोन करायला आता कोणी नव्हतं. बराच वेळ चप्पल न काढता बसून राहिले. प्यायले नाही. एका रात्रीचं काय कौतुक, पण तुला सांगावंसं वाटलं.

माफी मागत नाही. मागितली की तुला उत्तर द्यावं लागेल. पुढच्या गुरुवारी घरी आले की तुझा फोन एकदा वाजवून ठेवून देईन. उचलू नकोस. पोचले, एवढंच समज.

तुझ्यापुरती मेलेली, पण असलेली,
तुझी धाकटी