मंजाचे मीठ

॥ श्री ॥
शिरसी, ४ जुलै १९९६

चि. सौ. भागीरथीस, थोरल्या भावाचे अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

तुझे पत्र पोचले. उत्तरात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: मंगळुरातील त्या केंद्राची पावडर तुझ्या नातीला, चैत्राला, बोलायला शिकवणार नाही, आणि त्यांच्या अटीप्रमाणे तिची थायरॉइडची गोळी बंद केलीत तर नुकसान मात्र नक्की होईल.

केंद्रवाले सांगतात की पावडर घेतलेली डाउन सिंड्रोमची मुले वर्षभरात चालू-बोलू लागली. लागली असतील. त्याच वर्षात त्यांना दाढाही आल्या असतील. त्याचे श्रेय केंद्राने का सोडले, कळत नाही. असे मूल सावकाश वाढते, पण वाढतेच. एकामागून दुसरे घडले, एवढ्याने पहिले दुसऱ्याचे कारण ठरत नाही. पावडर न घेतलेली तशीच मुले तेवढ्या काळात कुठवर पोचली, हे गुरुमूर्तीने विचारले तेव्हा त्यांनी फोटोंचा आल्बम पुढे केला, असे तूच लिहितेस. तुझा मुलगा प्रश्न बरोबर विचारतो. उत्तर न घेता घरी येतो, एवढाच त्याचा दोष. गोळीची गोष्ट वेगळी. तेथे रक्त तपासले, उणीव दिसली, गोळी दिली, आणि उणीव भरल्याचे पुन्हा तपासून पाहिले.

दृष्टान्त हवा तर घरचाच घे. आपला धाकटा भाऊ मंजा, चैत्रासारखाच. त्या काळी या अवस्थेला आपल्याकडे नावसुद्धा नव्हते. त्याला कोणी औषध दिले नाही, कोणी शिकवले नाही. तरी पंगतीत पहिले मीठ तोच वाढायचा. प्रत्येक पानाच्या डाव्या कोपऱ्यात, बरोबर चिमूटभर. धोतर खोचून तो निघाला की भटजीदेखील हात आवरून बसत. सुब्बराय मामांनी एकदा थट्टेने केळीचे पान उलटे फिरवून ठेवले, तर मंजाने आधी पान सरळ केले, मग मीठ वाढले आणि मग मामांच्या टकलावर टपली मारली. सगळी पंगत हसली, तो मात्र पुढच्या पानाकडे गेला होता. त्याला जाऊन इतकी वर्षे झाली, पण पानावर मीठ पडले की अजून मी वर पाहतो.

तात्पर्य, जे व्हायचे ते आपोआप होते. उपायांनी काही होत नाही. सूनबाईला, विजयाला, हे वाचून दाखव.

कोवळ्या कैऱ्यांचे लोणचे बसच्या कंडक्टरकडे दिले आहे. सर्वांस आशीर्वाद, तुझी माया आहे तशीच राहू दे.

तिम्मण्णा


॥ श्री ॥
पुत्तूर, २८ जुलै १९९६

ती. अण्णास भागीचा साष्टांग नमस्कार.

लोणचे पोचले. बरणी शाबूत होती, झाकणाखाली चार बोटे जागा रिकामी होती. तुझा कंडक्टर जाणकार दिसतो.

पत्र विजयाला वाचून दाखवले. तू जिंकलास. पावडर गेली, गोळी चालू आहे. पण पुढचे ऐक. बोलण्याचा सराव घेणाऱ्या बाईंकडे जाणेही तिने सोडले. मी विचारले, तर म्हणाली की तिम्मण्णा मामांनीच सिद्ध केलंय ना, उपायांनी काही होत नाही म्हणून, मग पोरीला रोज आरशापुढे बसवून रडवायचं कशाला? मी म्हटले, अगं बाई, ते पावडरीबद्दल होतं. तिने तुझ्या ओळीवर बोट ठेवले. ओळ आहे तशी. चैत्रा पाणी हवे असले की ‘नी’ म्हणू लागली होती. आता नुसते बोट दाखवते आणि विजया पेला पुढे करते.

आणि मंजाला कोणी शिकवले नाही, हे तुला कोणी सांगितले रे? तू तेव्हा गोकर्णाच्या पाठशाळेत तर्क घोकत होतास. घरी आपली अम्मा रोज संध्याकाळी सुपारी वाळवायच्या अंगणात फणसाची पाने ओळीने मांडायची आणि मंजाच्या हाती वाळूची करवंटी द्यायची. त्याला चिमूट धरताच येईना, मूठच ओतायचा. मी त्याची बोटे माझ्या बोटांत धरायची. अम्मा म्हणायची, सोन्या, मीठ आहे ते, भाताचा ढीग नव्हे, पुन्हा घे. तो रुसून गोठ्यात गायीच्या पाठीमागे लपायचा. ती त्याला समजावून परत आणायची. सुपारीचे दोन हंगाम असे गेले. तू काकांकडच्या मुंजीला आलास आणि थेट पंगतच पाहिलीस. अम्मा खांबाआड पदर तोंडात धरून उभी होती, ती तुला दिसली नाही.

विजया माझे ऐकत नाही, पंडितांचे ऐकते. तेव्हा आता तूच लिही. रागावलास तरी चालेल, पण टपाल चुकवू नकोस.

तुझी भागी


॥ श्री ॥
शिरसी, ३ ऑगस्ट १९९६

चि. सौ. विजयास अनेक आशीर्वाद, विशेष.

तुझ्या सासूबाईंचे पत्र पोचले. माझा निष्कर्ष मागे घेतो. पावडरीविषयीचा नव्हे, तो तसाच राहील, उपायांविषयीचा. दोष माझ्या दृष्टान्तात होता. केंद्रवाले निसर्गाचे काम पावडरीच्या नावावर घालतात. मी आईचे काम निसर्गाच्या नावावर घातले. त्यांच्यात आणि माझ्यात फरक इतकाच की मी फी घेतली नाही.

शिकवल्याने चैत्राची अवस्था जाणार नाही. मंजाचीही गेली नव्हती. पण त्याच्या बोटांना चिमूट सापडली आणि पंगतीत त्याची जागा झाली. म्हणून उद्याच बाईंकडे जा. पेला देण्याआधी क्षणभर थांब. ‘नी’ म्हणायला पोरीला सवड दे. रडली तर जवळ घे आणि पुन्हा बसव.

गणेशचवथीला सगळे इकडे या. मीठ चैत्रा वाढेल. करवंटी घासून ठेवली आहे. यंदा मूठभर पडेल. माझ्या पानावरचे मी खाईन. पान मात्र उलटे मांडून बसणार आहे.

तुमचा लोभ या म्हाताऱ्यावर राहो. खालचे चार शब्द घरात सर्वांना वाचून दाखव.

मंजाला कोणी शिकवले नाही, असे मी न पाहता लिहिले. ते चूक आहे. त्याला अम्माने शिकवले.

तिम्मण्णा वेंकटरमण हेगडे