फ्रिजमागे कापूस भरू नये

मी, लालीबाई देवीलाल आडे, वय अंदाजे सत्तर, धंदा शेती, राहणार बोरी अरबजवळचा तांडा, ता. दारव्हा, जि. यवतमाळ. माझे डोके ठिकाणावर आहे, कोणी धाक घातलेला नाही. जिवाला घोर लागला आहे, म्हणून हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे.

१. शेत व बैलजोडी मुलगा राजकुमार याची. त्यात वाद नाही.

२. घर माझ्या नावावर आहे. त्यातली मधली खोली, फ्रिजसकट, मुलगी बबिता हिची. तिला लहानपणापासून साखरेचा आजार आहे. तिच्या इन्सुलिनच्या बाटल्या त्या फ्रिजमध्ये असतात. पोर त्यावरच जगते.

३. भाव चढेल म्हणून आपल्याकडे कापूस घरातच भरून ठेवतात. मागच्या हंगामात राजकुमारने तो मधल्या खोलीत भरला, पार फ्रिजच्या पाठीला टेकवून. मागच्या काळ्या जाळीत रुई बसली आणि फ्रिज गार करेना. मी बोलले तर म्हणे, "कायले कटकट करून राह्यली याडी (आई)? आतला लाइट तं लागते ना!" लाइट लागत होता, औषध मात्र नासले. बबिताला बेशुद्ध उचलून यवतमाळला न्यावे लागले. त्याचा राग मी सोबत नेणार आहे, तो कोणाच्या वाट्याला देत नाही.

४. त्या खोलीत कापूस कधीही भरू नये. जाळी सून पुष्पाने साफ करावी. आधी वायर काढावी, फ्रिज पुढे ओढावा, कोरड्या ब्रशने हलक्या हाताने झाडावे, पाणी लावू नये. हे सांगितले तर ती म्हणाली, "मले समजते सारं, तुम्ही नका सांगू." आमचे दोघींचे कधी पटले नाही. तरी बबिताची सुई तिने कधी चुकू दिली नाही, म्हणून माझी सारी चांदी तिची.

५. मयत घरात असेपर्यंत चूल पेटवत नाहीत, ही रीत मला ठाऊक आहे. माझ्या वेळी ती पाळू नये. रडारडीत बबिता उपाशी राहील, पाहुण्यांच्या गर्दीत तिची सुई कोणाच्या ध्यानात राहणार नाही, ही भीती मला झोपू देत नाही. पुष्पाने चूल पेटवावी. बबिताने सुई घेऊन भाकर खाल्ली, हे डोळ्यांनी पाहूनच मला उचलावे.

वाचून दाखवले, ऐकले, कबूल आहे.

लालीबाई देवीलाल आडे (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार, आमच्यासमोर अंगठा केला:
पुंडलिकराव ढोके, शेजारी (सही)
नंदाबाई चव्हाण, गावच्या आशा सेविका (सही)

ठिकाण: दारव्हा
दिनांक: १४ मे २०२४