बाबा कोणाशी बोलतात

माय, तुला लिहीन लिहीन म्हणत टाळत आलो. आजही आधी गाडी धुतली, मग टपरीवर चहा घेतला, तिथं दोघांचं भांडण लागलं ते पाहत उभा राहिलो, आणि आता खोलीवर येऊन बसलो. बाबांना फोन लावायची हिंमत होत नाही, म्हणून तुला लिहून राहिलो, हेच खरं.

मी सध्या तुमसरला आहे. आधी राइस मिलमध्ये होतो, मग मंडपवाल्याकडं, आता थंड पेयांची गाडी चालवतो, मालकाच्या दुकानातून गावोगावी माल पोचवतो. सिहोऱ्याकडच्या रस्त्यावर एकट्याला करमत नव्हतं. एकदा मोबाइलवरचं गाणं संपलं आणि आपोआप दोन माणसांच्या गप्पा सुरू झाल्या. पॉडकास्ट म्हणतात त्याला. तेव्हापासून कान रिकामा नाही. भुतं, राजे, समुद्रातले मासे, धंदा कसा करावा, सगळं ऐकतो. अर्धं ऐकून दुसरं लावतो, तो भाग वेगळा. तुझा रेडिओ आठवतो. सुपात तेंदूची पानं, बोटं विडी वळतायत आणि तू रेडिओतल्या बाईला उत्तरं देतेस. ती म्हणाली, भाज्या वाहत्या पाण्यात धुवा. तू म्हणालीस, "तुह्या घरी नळ हाय बाई, माह्या घरी डोक्यावर आनलेलं दोनच गुंड पानी हाय." मी सातवीत असताना तू गेलीस. रेडिओ कुठं गेला, कोणाला माहीत नाही.

बाबा अड्याळला एकटेच असतात. रोज फोन करायचे. कानात काहीतरी चालू असायचं, मी म्हणायचो, "बाबा, ऐकून राहिलो, मंग करतो." ते मंग काही यायचं नाही. त्यांनाही करमावं म्हणून, आणि खरं सांगायचं तर त्यांचे फोन कमी व्हावेत म्हणून, मी त्यांना धानाच्या शेतीवरचे पॉडकास्ट पाठवू लागलो. एक शेतकरी दादा बोलतो त्यात, चांगला समजावून सांगतो. बाबांचे फोन खरंच कमी झाले. उलट त्यांच्याकडून आवाजाचे निरोप येऊ लागले. मला वाटलं, खिशात बटण दाबलं जात असेल. उघडलेच नाहीत.

आज रविवार, गाडी बंद. सकाळी एक उघडला. बाबा म्हणतात, "नमस्कार दादा. तुमचं आयकलो. पटलं. पन आमच्या बांधीत पानी थांबत नाई, धान सुकते, त्याले काय करावं?" मला हसू आलं. जिथून दादाचं बोलणं येतं तिथंच उत्तर द्यायचं, असं त्यांना वाटलं. मग दुसरा ऐकला, तिसरा ऐकला. कोणत्याही पॉडकास्टला मी इतका शेवटपर्यंत बसलो नाही. भाजीत मीठ जास्त पडलं ते त्यांनी दादाला सांगितलं. तुझी आठवण येते तेही त्यालाच सांगितलं. मला कधी नाही सांगितलं. शेवटच्यात, कालच आलेल्यात, म्हणतात, "सोमवारी भंडाऱ्याले डोऱ्याचं ऑपरेशन हाय. घरचा मानूस संग आना म्हनतेत. पोरगा कामात राहते. त्याले नोका सांगू, दादा. पाहू, एकटाच जातो."

सोमवार म्हणजे उद्या. एकटं पाहून डॉक्टरांनी परत पाठवलं तर? तीनदा फोन हातात घेतला. मला माहीत आहे म्हणालो, तर पलीकडं दादा नव्हता हे त्यांना कळेल. मग ते त्याच्याशीही बोलायचे नाहीत. माझ्याशी तर बोलतच नाहीत. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कायले इचार करतं, जाय ना!"

माय, इथवर लिहिलं आणि दार वाजलं. बाबा! हातात पिशवी, डाव्या डोळ्यातून पाणी. माझी खोली त्यांनी कधी पाहिलेली नाही, मालकाच्या दुकानात विचारत विचारत आले.

"भंडाऱ्याले जात होतो," म्हणाले. "म्हटलं, रस्त्यातच हायेस तं पाहून घ्यावं."

"बाबा, भंडारा तं अगोदर येते ना, तुमसर मंग."

"हो काय? डोऱ्याले दिसत नाई ना मले."

मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. म्हणालो, "उद्या मी येतो दवाखान्यात संग."

त्यांनी चांगला डोळा माझ्यावर रोखला. "तुले कोनं सांगलं? त्या दादानं काय?"

आता ते नळावर पाय धुऊन राहिले, तेवढ्यात हे खरडतो. मी हो म्हणालो, माय.