शिडीचा पिवळा रंग

पांढुर्णा, मंगळवार, सांजवेळ

मी सांगून राहिली, नात स्वीटी लिहून राहिली. पोरगी कम्प्युटरवर खेळ बनवते. त्यातल्या शिडीले तिनं पिवळा रंग दिला, चढायची जागा दिसावी म्हणून. तर मोबाईलवर लोक तिले शिव्या देऊन राहिले, आम्ही आंधळे आहो का म्हणून. दोन गट पडले, एक म्हणे रंग पाहिजे, एक म्हणे नको. एका रंगापायी! संत्र्याच्या बागेत ज्या झाडाची फळं तोडायची, त्याले मी चुन्याचं बोट लावत होती, तेव्हा तोडणाऱ्या बाया नाही रुसल्या.

आज स्वीटीनं रडत रडत तो रंग पुसला. "आता खेळून पाह्य, आजी."

मले शिडी दिसलीच नाही. खेळातल्या एकाच खोलीत भिंतीभिंतीनं फिरत राहिली. किती वेळ, कोण जाणे.

"कंटाळा नाही आला का व, आजी?"

"नाही. तुझे आबाजी गेले तवापासून घरात हेच तर करून राहिली."

हे बोलताना वाईट वाटायले पाहिजे होतं का? काहीच नाही वाटलं.

स्वीटीनं शिडी परत पिवळी केली.

"उद्या पुन्हा शिव्या देतील, बाई," मी म्हटलं.

"देऊ दे. तू चढ."

चढली. वर आणखी एक खोली निघाली.