तुमच्या बहिणीचा पहिला शनिवार

दादा,

तीर्थरूप लिहावं तर तुम्ही म्हणता मला एवढ्यात म्हातारा करू नका, प्रिय लिहावं तर तुमची बहीण खांद्यावरून डोकावून हसते. म्हणून नुसतंच दादा, आणि पुढे मनापासून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? (डावा. उजव्याची चौकशी करत नाही, कारण तो फक्त भाजी आणायची वेळ आली की दुखतो, असं सूनबाईंकडून कळलं.) मुलाच्या घरी, त्या नवव्या मजल्यावर, आता रुळला असाल. रोज सकाळी नातवंडांची हजेरी घेता म्हणे. हेडमास्तरकी सुटली तरी घंटा काही सुटत नाही. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. चष्म्याचं दुकान चालू आहे, म्हणजे लेक चालवते आणि मी काउंटरमागे बसून गिऱ्हाइकांना जुन्या फ्रेमा कशा मजबूत असत ते सांगतो.

पत्रास कारण की, क्लबची हकिगत तुम्हाला कळवायलाच हवी. तुम्ही मागच्या पत्रात लिहिलंत, की आता गोल्फचा विषयही नको, डॉक्टरबरोबर तो संपला. मी तो परिच्छेद दोनदा वाचला आणि घडी घालून ठेवून दिला. तुमचं चुकीचं आहे असं नाही. हिवाळ्यात डॉक्टर गेले, मग तुम्ही मुलाकडे निघून गेलात, आणि आपल्या तिघांमधला मी एकटा उरलो. एका शनिवारी गेलोही होतो स्पर्धेला. पण पहिल्या टीवर, खेळ सुरू करायच्या जागी, उभं राहिल्यावर उजवीकडे बघायची सवय जाईना. डॉक्टर नेहमी तिथे उभे असत, रात्रभर कुणाच्या तरी गोठ्यात गाईचं बाळंतपण करून थेट आलेले, बाह्या कोपरापर्यंत वर, बुटांना गवत, आणि अंगाला असा वास की मागचा गट आपोआप दहा पावलं मागे राही. (तुम्ही म्हणायचात, डॉक्टरांमुळे आपल्याला कुणी घाई करत नाही.) तर मी चेंडू मारला, तो कुठे गेला ते दिसलं नाही, आणि दिसलं नाही हे सांगायलाही कुणी नव्हतं. चष्मेवाल्याला चेंडू दिसत नाही हा विनोद तुम्ही दोघांनी इतकी वर्षं केलात. पण कुणी न करता तो ऐकू येतो तेव्हा फार जड जातो. मी तिसऱ्या होलवरूनच परत फिरलो.

त्यानंतर मी शनिवारी घरी राहू लागलो. घरात राहिलेला पुरुष म्हणजे काय हे तुम्हाला आता अनुभवानं माहीत आहे. मी फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावले. पुढच्या शनिवारी त्यातल्या जिनसांप्रमाणे लावले. दाराची कडी करकरत नव्हती, तिला तेल घातल्यावर करकरू लागली. शेवटी तुमची बहीण म्हणाली, ‘एक तर तुम्ही क्लबवर जा, नाही तर मी माहेरी जाते.’ मग तिच्या लक्षात आलं, की माहेर म्हणजे तुम्ही, आणि तुम्ही नवव्या मजल्यावर. ती उठली. जिन्याखाली गेली, तुम्ही जाताना ‘अडगळीत टाका’ म्हणून ठेवून गेलेली काठ्यांची पिशवी ओढून काढली, तिच्यावरची धूळ माझ्याच टॉवेलनं पुसली आणि म्हणाली, ‘चला. मी येते.’

दादा, तुम्हाला ठाऊक आहे, ही बाई लग्न झाल्यापासून क्लबच्या व्हरांड्याच्या पुढे कधी गेलेली नाही. लोकरीचं विणकाम घेऊन बसायची, चहा गार करायची आणि आपण परतलो की ‘झालं का तुमचं?’ एवढंच विचारायची. तेव्हा वाटेत मी तिला सगळं समजावायला घेतलं. पाय किती फाकवायचे, डोकं कसं खाली, डावा हात कसा ताठ. तिनं खिडकीची काच वर केली. ती गाडीच्या आत होती आणि मीही आत होतो, त्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही, पण भावना पोचली.

आता क्लबच्या सेक्रेटरी त्या दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत. बोलतात गोड, पण समोर उभं राहिलं की तोंड उघडावंसं वाटतं. त्यांनी नवीन सभासद म्हणून तुमच्या बहिणीला भरघोस हँडिकॅप दिला, म्हणजे नवशिक्याच्या एकूण फटक्यांतून जी सवलत वजा करतात ती, आणि आमच्या जोडीला तिसरे म्हणून कलमबहाद्दर दिले. आठवतात ना? कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार, नियमांचं पुस्तक वरच्या खिशात, दंड सांगताना आवाज थोडा ओला होतो ते. तुम्ही आणि डॉक्टर त्यांना बघून झाडामागे जायचात. मला जाता आलं नाही.

पहिल्या टीवर व्हरांडा भरून माणसं बघत होती. तिनं काठी उचलली, जोरात फिरवली, आणि चेंडू जिथे होता तिथेच राहिला. मी म्हणालो डोकं खाली. ती म्हणाली, ‘तुम्ही जरा गप्प बसलात तर मला तो दिसेल तरी.’ मी गप्प बसलो. दुसऱ्या वेळी चेंडू गेला, दादा, सरळ गेला, न वळता न वाकता, तुमच्या स्वभावासारखा. (हे तिचं वाक्य. मी त्यात भर घातलेली नाही.)

पण खरी गंमत पुढे. तिनं कधी ते मैदान पाहिलं नव्हतं, पण ते तिला पाठ होतं. दर शनिवारी रात्री जेवताना आपण तिघं मिळून एकेक फटका पुन्हा मारायचो, आणि ती वाढता वाढता ऐकत असायची, हे आपल्या गावीही नव्हतं. दुसऱ्या होलला तिनं मला बजावलं, निलगिरीच्या डावीकडून मारा, उजवीकडे तुमचा नेहमी घात होतो. मी उजवीकडून मारला आणि घात झाला. तिसऱ्याला ती एका कडेला थांबली आणि विचारू लागली, दरी कुठे आहे. कुठली दरी, मी म्हटलं. ती म्हणाली, अहो तीच, जी तुम्ही समोरून वारा असताना ओलांडलीत, दादाचा चेंडू जिच्यात गेला आणि डॉक्टरांनी दोर मागवू का म्हणून विचारलं. मी तिला दाखवली. तिनं एका ढांगेत ती ओलांडली, पलीकडे उभी राहिली आणि मागे वळून बघितलं.

‘हीच का?’

मी म्हणालो, पावसापाण्यानं भरत आली आहे.

‘आणि दादासुद्धा हिला दरीच म्हणायचा?’

मी म्हणालो, मुख्यतः दादाच. (क्षमा करा. अडचणीत सापडलेला माणूस आधी मेहुण्याला पुढे करतो.)

पाचव्या होलला तिचा चेंडू माळ्याच्या हातगाडीत, कापलेल्या गवतात जाऊन पडला. कलमबहाद्दरांचा हात लगेच खिशाकडे गेला आणि दंड जाहीर झाला. तुमच्या बहिणीनं शांतपणे सांगितलं, की डॉक्टरांचा चेंडू याच गाडीत पडला होता तेव्हा दंड लागला नव्हता, चेंडू बाहेर ठेवून खेळू दिलं होतं. हे कधी घडलं, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, आमच्या मुलीला गालगुंड झालं होतं तेव्हा. हे घरी येऊन सांगत होते आणि दादा इतका हसला की ती पोर गाल धरून रडायला लागली. कलमबहाद्दर विचारात पडले. कोर्टात आयुष्य गेलेला माणूस, जुना दाखला मिळाला की पुढे बोलत नाही. त्यांनी पुस्तक खिशात ठेवलं. मी आजवर त्यांना ते ठेवताना पाहिलं नव्हतं.

सहाव्याला तळं. (हे तळंच आहे, याबाबतीत आपण खोटं बोललेलो नाही. बदकंही आहेत.) तिनं चेंडू ठेवला, जरा वाकली आणि अगदी डॉक्टरांच्या आवाजात त्याला म्हणाली, ‘चल गं बाई, चल, भिऊ नको.’ डॉक्टर प्रत्येक चेंडूला असंच म्हणायचे, अडलेल्या गाईला म्हणावं तसं. चेंडू पाण्यावर आपटला, उडाला आणि पलीकडच्या काठावर चढला. मग तिनं विचारलं, डॉक्टर बूट काढून बसायचे ते बाक कुठलं. मी दाखवलं. आम्ही तिथे बसलो. तळ्याकडून वारा येत होता, आणि मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर, बूट घाला, मासे मरतील. मागचा गट ओरडत होता. कलमबहाद्दरांनी त्यांना हात करून थांबवलं, स्वतःची टोपी काढली आणि ती हातात घेऊन उभे राहिले. खेळ असा अडवून ठेवण्याविरुद्ध नियम आहे, दादा. तो त्यांना तोंडपाठ आहे.

शेवटच्या होलवर आलो तेव्हा तिची सवलत वजा करता आम्ही दोघं बरोबरीत होतो, आणि बाकीच्यांचे निकाल आमच्यापेक्षा वाईट लागले होते. तिनं तिचा चेंडू होलमध्ये टाकला. माझा काठापासून वीतभर उरला होता. अख्खा व्हरांडा उठून बघत होता. तो हुकला. चेंडू होलच्या कडेनं गेला, आत डोकावला आणि पुढे निघून गेला. बक्षिसाचा बिस्किटांचा डबा तुमच्या बहिणीला मिळाला. जिंकणाऱ्यासाठी व्हरांड्यातली घंटा डॉक्टर वाजवायचे ना, कुणीही जिंको. हिवाळ्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. सेक्रेटरीबाई टाळ्या वाजवून थांबल्या. तुमची बहीण गेली आणि तिनं ती वाजवली, चांगली खणखणीत. मग सगळे एकदम बोलायला लागले.

तब्येतीची काळजी घ्या. मुलाला, सूनबाईंना आशीर्वाद, मुलांना पापा.

तुमचा,
मेहुणा

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. त्या शनिवारनंतर तीन बायकांनी येऊन तुमच्या बहिणीला आपल्या गटात ओढलं, आणि ती गेली. मला कायमचे कलमबहाद्दर मिळाले आहेत. तुम्ही वडील भाऊ आहात, तुमचं ती ऐकते. तिला दोन ओळी लिहा, की नवऱ्याला असं वाऱ्यावर सोडू नये. किंवा लिहू नका, स्वतःच या. गुडघ्याला सोसेल इतकंच खेळू.

ता. क. २ : हे फक्त तुमच्यापाशी. तो शेवटचा वीतभराचा फटका मी मुद्दाम हुकवला. तिला कळता कामा नये.

दादा, यांनी पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं होतं, ते वाचलं. हे दर शनिवारी मुद्दामच हुकत आले आहेत, त्यात नवीन काही नाही. यांच्यासाठी मी माझा गट सोडणार नाही, पण आमच्यातल्या एकीची मुलगी बाळंतपणाला येते आहे, तेव्हा पुढच्या महिन्यात आमच्या गटात एक जागा रिकामी आहे. ती मी तुझ्यासाठी धरली आहे, यांच्यासाठी नाही. तुझ्या काठ्या परत मिळणार नाहीत. तू डॉक्टरांच्या घे, त्यांच्या बायकोनं तुला द्यायला म्हणून पुसून ठेवल्या आहेत. पहिल्या शुक्रवारीच ये. मागच्या खोलीत अंथरूण घातलं आहे, आणि आम्ही सकाळी लवकर निघतो.